दाराजवळचा हात

"आई, तू फक्त बसून राहायचंस. हवं तर हात मांडीखाली दाबून ठेव," असं बजावून लेक पहाटेच बेकरीत कामाला गेली होती. तेव्हापासून आज्जी खरोखरच हात मांडीखाली दाबून खुर्चीत बसली होती.

उजाडलं. आतल्या खोलीत नातीचा गजर वाजला आणि बंद झाला.

नात बारा वर्षांची. दिसेल ते बटण उचलून डब्यात साठवायची, म्हणून घरात सगळे तिला खारूताई म्हणत. मूल स्वमग्न. बोलणं मोजकं, पण नजरेतून काही सुटायचं नाही. दात घासणं, कपडे घालणं, सगळं तिला येत होतं. एक झाल्यावर पुढे काय, इथे मात्र घोडं अडायचं. ब्रश हातात धरून ती नळाकडे बघत राहायची आणि पाणी आपलं वाहत राहायचं.

आज शुक्रवार. सोमवारी आज्जीच्या गुडघ्याचं ऑपरेशन. त्यानंतर सकाळी घरात कोणीच नसणार. उद्यापर्यंत खारूताई आपली आपण आवरून खाली शाळेच्या गाडीत बसली, तर लेक पहाटेची पाळी टिकवू शकणार होती. नाहीतर पोरीला निवासी शाळेत ठेवायचं.

"मी काय हौसेने पाठवणारेय का गं?" लेक काल रात्री म्हणाली होती.

"मी कुठं काय म्हटलं?" आज्जी म्हणाली. मग दोघीही आपापल्या ताटात बघत जेवल्या.

घराची मांडणी बदला, असं शिकवायला येणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं. पोरीला जे लागतं ते डोळ्यांसमोर हवं, हाताला येईल असं हवं. लेकीने कपाटाची दारं काढूनच टाकली आणि खणाखणावर चित्रं चिकटवली. खारूताईने दोन दिवसांत ती सगळी चित्रं सोलली आणि कडेला कड जुळवून त्यांची नीट गड्डी करून ठेवली.

"झालं! हिने आपलंच घर आवरलं!" आज्जीला हसू आवरेना.

मग आज्जी कामाला लागली. तिचा सगळा जन्म नाटकाच्या कपडेपटात गेला होता. विंगेतल्या टेबलावर कागद पसरलेला असायचा आणि नटाला लागणाऱ्या प्रत्येक वस्तूचा आकार त्यावर काढलेला. तलवार, चष्मा, छत्री. वस्तू उचलली की रिकामा आकार उरायचा, आणि मिणमिणत्या दिव्यातही कळायचं, काय गेलं, काय राहिलं. कपडे दोरीवर, ज्या क्रमाने अंगावर चढणार त्याच क्रमाने. ते धापा टाकत आत येणारे नट, त्यांच्या मानेवरचा घामाने भिजलेला रंग, पडद्यापलीकडे खोकणारे प्रेक्षक! आज्जीला अजूनही कधीकधी झोपेत तो पावडरचा वास यायचा.

तसंच टेबल तिने दिवाणखान्यात मांडलं. कंगव्याचा आकार, डब्याचा, पाण्याच्या बाटलीचा. शेजारी दोरीवर कपडे. खारूताईला ते इतकं आवडलं, की कंगव्याचा एक दात जरी रेषेबाहेर गेला तरी ती तो पुन्हापुन्हा सरकवून बसवायची.

"घर आहे की नाटकगृह?" लेकीने विचारलं होतं.

"दोन्हीकडे वेळेवर बाहेर पडावं लागतं बाई."

आता खारूताई बाहेर आली. तोंड धुतलेलं, केस अर्धे ओले. दोरीवरचा शर्ट घातला, मग स्वेटर. स्वेटर उलटा! गळ्यापाशी पट्टी उभी राहिली होती. आज्जीचे हात शिवशिवले. एवढ्या वर्षांत तिने एका नटाला उलट्या कपड्यात बाहेर सोडलं नव्हतं. तिने जीभ दाताखाली धरली आणि हात आणखी दाबले.

कंगवा. बाटली. डबा. टेबलावर नुसते आकार उरले. बूट चढले, दप्तर पाठीवर गेलं. खारूताईने दार उघडलं, आणि आज्जीकडे पाठ करून उंबऱ्याच्या आत थांबली.

खाली हॉर्न वाजला.

"ओ आज्जी! निघाल्या का राणीसाहेब?" गाडीवालीचा आवाज जिन्यातून वर आला. आवाज असा, की गल्लीच्या टोकाला झोपलेला माणूसही उठावा.

जा गं, जा, आज्जी मनात म्हणत होती. पोर हलेना. खांदे किंचित वर, मान किंचित पुढे. हे उभं राहणं आपण कुठेतरी पाहिलंय, असं आज्जीला वाटलं, आणि पाठोपाठ तिच्या लक्षात आलं. विंगेत नट असेच उभे राहायचे. ती कॉलर ओढून नीट करायची, पाठीवर उजव्या हाताची थाप द्यायची, की ते प्रकाशात शिरायचे. जुनी खोड. इथे राहायला आल्यापासून रोज सकाळी दारात ती नातीलाही तेच करत होती, नकळत. पोरीसाठी थाप ही शेवटची वस्तू होती, आणि तीच तेवढी टेबलावर नव्हती.

अंतर ते केवढंसं! उठावं, थाप द्यावी, गाडी मिळेल. आज्जी अर्धी उठली. पण सोमवारी कोण देणार? ती पुन्हा बसली. परत उठली. गुडघा करकरला.

"आज्जी, निघते हो मी! बाकीची पोरं खोळंबलीत!"

गाडी गेली. आवाज विरेपर्यंत खारूताई उभी होती. मग तिने कान दाबले आणि ती पुढेमागे डोलत घुमल्यासारखा आवाज काढू लागली.

आज्जीला अपराध्यासारखं झालं. तिने टेबलावरची पेन्सिल उचलली, लंगडत दाराशी गेली, पोरीच्या पाठीच्या उंचीला भिंतीवर डावा हात टेकवला आणि त्याच्याभोवती रेघ ओढली.

घुमणं थांबलं. खारूताई जवळ आली. तिने आज्जीचा उजवा हात धरून त्या आकारावर ठेवला. अंगठा उलट्या बाजूला पडला.

"नाही," ती म्हणाली. "हा नाही."

तिने पेन्सिल ओढून घेतली, आज्जीचा उजवा हात शेजारी दाबून धरला आणि स्वतः रेघ काढायला लागली. प्रत्येक बोटाच्या खाचेत जाऊन, सांध्याच्या प्रत्येक वळणावर थांबत. गुडघ्यातून कळा येत होत्या. आज्जीने बोट जरासं उचललं.

"हलू नको!"

दिवसभर लोक जे तिला सांगायचे, ते आज तिने कोणाला तरी सांगितलं. आज्जी हलली नाही.

दुपारी लेक आली ती दारातच थबकली. "आई! नवा रंग दिलाय गं भिंतीला!"

"रंग काय, परत देता येतो."

आज्जीने सकाळचं सगळं सांगितलं, लेकीने नीट ऐकून घेतलं. मग बुटांचे बंद सोडता सोडता हळूच म्हणाली, "उद्या नाही झालं, तर?"

आज्जी रात्रभर कूस बदलत राहिली.

शनिवारी पुन्हा तीच खुर्ची, हात पुन्हा मांडीखाली. कंगवा, बाटली, डबा. स्वेटर आज सुलटा, पण एक बाही कोपरापर्यंत गुंडाळलेली. दार उघडलं. खारूताई वळली, दप्तर खांद्यावरून उतरवलं, त्या उजव्या हातावर पाठ टेकवली आणि स्वतःची कॉलर अशी ओढली की वरचं बटण तुटून घरंगळलं. ती वाकली. बटण खिशात गेलं, दप्तर पुन्हा पाठीवर गेलं, आणि ती बाहेर पडली.

पावलं जिना उतरू लागली. मधेच थांबली. हॉर्न वाजला. पावलं परत वर येत होती! संपलं, आज्जीला वाटलं.

खारूताई दारात आली. आज्जीकडे न बघता तिने उघडं राहिलेलं दार खस्सकन ओढून घेतलं. लॅच लागलं. पावलं पुन्हा खाली, आता धडाधड.

"या राणीसाहेब, या!" गाडीचा दरवाजा आपटला. गाडी निघाली.

आज्जी बंद दाराकडे बघत राहिली. हात मोकळे करायला तिला कोणी सांगितलंच नव्हतं. ते अजून मांडीखालीच होते, मुंग्या येऊन बधिर झालेले.