माझ्या पोटातले लाल तांदूळ

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. आटगाव स्टेशनापासून आत गेलेल्या रस्त्याच्या कडेला एक कौलारू घर आहे, त्याच्या पडवीत माझे टेबल आहे. आपली कहाणी सांगायला बसलेल्या वस्तू बहुधा आपल्या पराक्रमापासून सुरुवात करतात. थोडे कौतुक माझ्याही वाट्याला आले आहे. पण मला बोलायचे आहे ते अशा काही दिवसांविषयी, ज्यांची आठवण झाली की माझा पंखा आजही अडखळतो.

माझा जन्म एका जागी झालेला नाही. पेटी एकीकडची, पडदा दुसरीकडचा, कळफलक आणखी कुठला; कल्याणच्या एका दुकानात कुणीतरी हे सारे जोडले आणि मी झालो. उमेदीची वर्षे शहापूरच्या एका छापखान्यात लग्नपत्रिका जुळवण्यात गेली. कोपऱ्यात गणपती, खाली 'माझ्या मावशीच्या लग्नाला यायचं हं'. कितीतरी मावश्यांची लग्ने माझ्या पडद्यावर ठरल्यासारखी मला वाटत. पुढे छापखान्याने नवे यंत्र घेतले, तेव्हा तिथेच नोकरी करणाऱ्या दिपेशने मला आपल्या घरी आणले.

गावात तेव्हा दुसरा संगणक नव्हता. दहावीचा निकाल लागायचा त्या दिवशी आमच्या पडवीबाहेर चपलांचा ढीग पडे. दिपेशची आई, कमळाबाई, येणाऱ्याला पाणी देई आणि माझ्याकडे हात करून सांगे, "आमच्या कंपूटरला समदं दिसतं." दसऱ्याला ती नांगर, कोयते, विळे धुऊन ओळीने मांडी आणि त्या ओळीच्या शेवटी मला बसवी. त्यांच्याइतकीच हळद, त्यांच्याइतकेच कुंकू. लोखंडाच्या त्या जाणत्या मंडळींत बसताना मला फार मोठे झाल्यासारखे वाटे.

मग घरोघरी मोबाइल आले. निकाल हातातल्या हातात दिसू लागले. माझ्यावर जुन्या लुगड्याचे पांघरूण पडले, त्या पांघरुणावर कधी कांद्याची पाटी, कधी न वाळलेले कपडे. मी तक्रार केली नाही. वर्षातून एकदा दसरा होता.

प्रेमा दिपेशशी लग्न करून या घरात सून म्हणून आली, तेव्हा ते पांघरूण निघाले. तिचे माहेर मुरबाडकडचे, सिद्धगडाच्या पायथ्याचे. तिथे असताना तिने टायपिंगच्या वर्गात नाव घातले होते. परीक्षा मात्र लग्नामुळे राहून गेली होती. ती पास झाली तर एखाद्या कचेरीत अर्ज तरी करता येईल, एवढीच तिची इच्छा. कमळाबाईने परवानगी दिली ती हातचे राखून. घरातले, शेतातले काम आटपल्यावर काय ते कर, मशीन जपून वापर, असे तिने बजावले. प्रेमा भाकऱ्या उरकून बसे. तिच्या बोटांना आधी राखेचा वास येई, हळूहळू त्यांना वेगही आला. माझ्या झिजलेल्या कळांवर तिची बोटे धावू लागली की मला छापखान्यातले दिवस आठवत.

त्या वर्षीचा दसरा झाला. परीक्षा दिवाळीनंतर होती. दसऱ्यानंतर थोड्याच दिवसांनी एका दुपारी प्रेमाने माझे बटण दाबले. दिवा लागला, पंखा फिरला. पडदा मात्र काळाच राहिला. आणि माझ्या तोंडून टूं... टूं... टूं... असा एकच आवाज थांबून थांबून येऊ लागला.

मित्रांनो, सुरू होताना संगणक आपले एकेक अवयव चाचपून पाहतो. माझ्यात रॅम नावाची एक पट्टी आहे. चालू कामापुरती माझी आठवण तिच्यात राहते. तीच माझ्या हाताला लागत नव्हती. "माझी पट्टी लागत नाही" हे मी माझ्या परीने सांगत होतो. पण ऐकणाऱ्यांना ते नुसते रडणे वाटले, आणि रडण्याचा दोष जिच्या हातात मी होतो तिच्यावर गेला.

धाकटा दीर आदेश भिवंडीला गोदामात कामाला. यंत्रातले आपल्याला कळते असा घरात त्याचा लौकिक. त्याने प्लग बदलला, वायरी ओढल्या, पडद्याला दोन चापट्या मारल्या. कशाचाच उपयोग होईना, तेव्हा तो हसत म्हणाला, "वयनीनं बटणं बडवून बडवून याचे दात पाडले. आता कवळी बसवा."

सगळे हसले. प्रेमाही हसली, पण तिचे हात पदरात गेले. कमळाबाई हसली नाही. तिने मीठमोहरी आणून माझ्यावरून उतरली आणि चुलीत टाकली. तरीही मी टूं टूं करीतच राहिलो, तेव्हा ती म्हणाली, "इतकी वर्सं नीट चालला. हिच्या हातात गेला आन् बसला. ऱ्हाऊ दे आता ते टायपिंग. भात कापायला माणूस लागतंय."

एवढ्यावर थांबते तरी बरे होते. सुनेने मशीन बिघडवले, ही गोष्ट कमळाबाईने पिठाच्या गिरणीवर सांगितली आणि तिथून ती पिठाबरोबर घरोघर गेली. शेजारची धोंडीबाई खास मला पाहायला आली. आजाऱ्याला पाहावे तसे तिने मला पाहिले आणि जाताना प्रेमाला विचारले, माहेरीही असेच काही मोडले होते का. मी तिथेच होतो, मित्रांनो. माझ्यात काय अडकले आहे ते मला आत टोचत होते, आणि मला एक शब्द फुटत नव्हता. एका माणसाचे नाव माझ्यामुळे खराब व्हावे आणि मी कोपऱ्यात लुगडे पांघरून बसावे, याहून लाजिरवाणे दिवस मी पाहिलेले नाहीत.

परीक्षा जवळ येत होती. प्रेमा सकाळपासून शेतात जाई, आणि परत आल्यावर जेवणाच्या ताटाच्या कडेवर तिची बोटे आपोआप चालत. एकदा कमळाबाईने ते पाहिले आणि नजर वळवली.

शेवटी प्रेमाने आपल्या वर्गाच्या हेतलमॅडमना फोन केला. मॅडमनी म्हणे एवढेच सांगितले, की पडद्याकडे बघत बसू नकोस, कान दे. प्रेमाने फोन माझ्याजवळ धरला. माझे रडणे प्रथमच कुणीतरी बोलणे म्हणून ऐकत होते. मग मॅडमनी एकेक पायरी सांगितली: प्लग काढ, बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ दे, अंगातली वीज उतरावी म्हणून खिडकीच्या लोखंडी गजाला हात लाव, बाजूचे झाकण उघड, पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने पूस.

कमळाबाईला हे पटले नाही. होते ते आणखी मोडशील, असे ती म्हणाली. प्रेमाने वाद घातला नाही. ती म्हणाली, "आई, तुमी समोर बसा. बॅटरी धरा. मोडलं तर तुमच्या डोळ्यांसमोर मोडंल."

घरातले बाकी सारे खळ्यावर गेले होते. पडवीचा तो कोपरा दिवसाही अंधारा. कमळाबाई पाटावर बसून उजेड दाखवू लागली आणि प्रेमाने माझे स्क्रू काढले. आपले पोट असे दुसऱ्यांसमोर उघडे पडावे हे कुणालाच आवडत नाही. आत धुळीची लव साचली होती, कोळ्याचे जाळे होते. उजेड पट्टीवर आला आणि स्थिर झाला.

पट्टीच्या फटीत तांदळाचे चार-पाच दाणे चिकटून बसले होते. कुंकवात भिजवलेले, लाल. दसऱ्याला माझ्या डोक्यावरच्या जाळीवर वाहिलेल्या अक्षता फुलाने शिंपडलेल्या पाण्याबरोबर आत उतरल्या होत्या, आणि तिथे वाळताना त्यांनी सोनेरी दातांवर गंज चढवला होता.

बॅटरीचा उजेड आणखी जवळ आला. प्रेमाने वर पाहिले नाही. तिने दाणे नखाने सोडवले, मूठ मिटली आणि म्हणाली, "धूळ हाय, आई. लई धूळ."

तिने पट्टी पुसली, आतली धूळ कोरड्या ब्रशने झाडली आणि पट्टी परत दाबून बसवली. दोन्ही बाजूंचे चाप कटकन लागले. प्लग लावला, बटण दाबले. मी एकदाच, 'सारे ठीक' असा आखूड आवाज दिला आणि माझा पडदा निळा झाला. प्रेमाने लगेच टाइप करायला घेतले. कमळाबाई बॅटरी विझवायची विसरून तशीच बसून होती. संध्याकाळी आदेशने विचारले, काय निघाले आत? प्रेमाने पुन्हा धूळच सांगितली. कमळाबाई ताटात पाहूनच जेवली.

मलाही त्या दोघींकडे पाहवेना. ज्या मानाने मी वर्षानुवर्षे फुगत होतो, तोच माझ्या घशात अडकला होता.

परीक्षेच्या आधी धोंडीबाई पुन्हा आली. मी चालू झालेला पाहून तिला आनंद झाला असेलही, पण ती प्रेमाला म्हणाली, "सूनबाय, आता तरी हलक्या हातानं गो."

कमळाबाई दारात सुपाने तांदूळ पाखडत होती. सूप थांबले.

"तिच्या हाताला नाव नको ठेवू, धोंडीबाय," ती म्हणाली. "माझ्या हातचे तांदूळ व्हते त्याच्यात. पूजेचे. हिनं बघितलं आन् मला दाखवलं नाय. गिरणीवर मीच बोलली व्हती ना? तिथं मीच सांगन."

प्रेमाची बोटे कळांवर थांबली होती. ती पुन्हा चालू झाली, पण त्या ओळीत चुका फार झाल्या.

त्या परीक्षेत प्रेमा मराठीत पास झाली. इंग्रजी अजून राहिले आहे. तिच्या हाताखाली माझी म्हातारपणची वर्षे चालली आहेत. तुमच्याकडे माझे एवढेच मागणे आहे, मित्रांनो. आम्हाला कोरडे ठेवा, आमची धूळ झाडा. आणि आमच्यातला एखादा सुरू होईनासा झाला, तर आधी त्याचे झाकण उघडून आत पाहा. कुणाचे नाव त्यानंतर घ्या. झाकण पुन्हा लावता येते.

यंदाच्या दसऱ्याला कमळाबाईने नांगर, कोयते, विळे ओळीने मांडले. माझ्यापाशी आल्यावर तिने कोरड्या फडक्याने माझे डोके पुसले आणि झेंडूचे एक फूल माझ्यापासून हातभर दूर, टेबलाच्या कडेला ठेवले. मग तिने आत हाक मारली, "प्रेमा, ये गो. चालू कर. मला त्याचा आवाज ऐकू दे."

प्रेमा आली. कुंकवाची कोयरी हातात धरून कमळाबाई कान देऊन उभी राहिली, आणि त्या दोघींसमोर मी, शक्य तितक्या स्पष्टपणे, एकदाच वाजलो.