दुसऱ्या बाजूचं चौथं गाणं

लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत तक्रारींच्या टेबलावर बसणाऱ्या त्या गृहस्थाला ऑफिसात सगळे 'बी-साइड', म्हणजे रेकॉर्डची दुसरी बाजू, म्हणत. हे नाव त्याने स्वतःच्या तोंडाने कमावलं होतं. कोणी चुकून म्हणालं की कॉलेजात असताना मीही जुनं रॉक ऐकायचो, की हा लगेच विचारणार, "कुठलं गाणं?" समोरचा बिचारा सगळ्या जगाला पाठ असलेलं गाणं सांगणार आणि ह्याचा चेहरा घासात खडा आल्यासारखा होणार. "ते ठीक आहे हो. पण त्याच अल्बमच्या दुसऱ्या बाजूचं चौथं ऐकलंत का?"

कोणी ऐकलेलं नसे आणि ऐकायची कोणाला घाईही नसे. बायकोने लग्नाच्या पहिल्या वर्षी दीड मिनिट ऐकून "छान आहे. पुढे असंच आहे का?" असं विचारलं होतं. बावीस वर्षं तो त्याचं उत्तर जुळवत होता. मुलगा आधी गाण्याची लांबी बघायचा. "सहा मिनिटं? बाबा, तेवढ्यात माणूस जेवून उठतो."

गाणंही तसं आडमुठंच. पहिली अडीच मिनिटं नुसता ऑर्गन आणि एक कंटाळलेला आवाज. मग गिटार. आणि चार मिनिटं दहा सेकंदांवर ड्रमवाला चुकतो. सगळे क्षणभर थांबून पुन्हा उसळी घेतात, त्यात हा एक ठोका मागे राहतो. बाकीचे तिघे त्याला टाकून पुढे जात नाहीत. चाल जराशी सैल करतात, तो येऊन मिळतो, मग चौघे निघतात. रेकॉर्ड काढणाऱ्यांनी ते तसंच राहू दिलं होतं. माणूसजातीबद्दल बरं बोलण्यासारखं जे काही आहे ते त्या चार-पाच सेकंदांत आहे, असं बी-साइडचं मत होतं. ते ऐकलेला आणखी एक माणूस भेटावा, एवढीच त्याची इच्छा. लहान इच्छा लवकर पुऱ्या होतात, असा काही नियम नाही.

दोन महिन्यांपूर्वी ऑफिसात नवी फोनयंत्रणा आली. साहेब जाता जाता म्हणाले, "होल्डवर काहीतरी म्युझिक टाका." काहीतरी म्हणजे काय, हे साहेबांनी सांगितलं नाही आणि ह्याने विचारलं नाही. त्या दिवसापासून रोज दीडशे माणसांच्या कानात दुसऱ्या बाजूचं चौथं वाजू लागलं.

पण फोन करणारी माणसं एकतर लिफ्टमध्ये अडकलेली असत, नाहीतर लिफ्टबाहेर. संगीताला लागणारी मनःस्थिती दोन्हीकडे नसते. गिटार सुरू व्हायच्या आत कोणीतरी फोन उचले, नाहीतर फोन करणाराच तो आपटे. "तो रडका बाजा बंद करा आधी," अशा तक्रारी येऊ लागल्या. त्या 'इतर' ह्या सदरात बी-साइडलाच लिहून घ्याव्या लागत.

अपवाद होत्या त्या एक बाई. चित्रकलेच्या निवृत्त शिक्षिका, राहायला सहाव्या मजल्यावर, नवरा चाकाच्या खुर्चीत. त्यांची लिफ्ट सव्वीस दिवस बंद होती. कंट्रोल पॅनलमधलं एक सर्किट-कार्ड जळलं होतं आणि नवं कार्ड कारखान्यातून यायचं होतं. बाई रोज बरोबर अकराला फोन करत.

"भाऊ, आलं का कार्ड?"

"बघतो हं मॅडम. जरा थांबा."

मग त्यांना होल्डवर टाकून तो स्टोअरवाल्याला फोन लावी. स्टोअरवाला म्हणे, "येईल की." हे ऐकायला दोन मिनिटं चाळीस सेकंद लागत, कारण स्टोअरवाला आधी चहाचा घोट गिळून घेई.

सत्ताविसाव्या दिवशी बाई म्हणाल्या, "भाऊ, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारा की."

"मी फोन स्पीकरवर ठेवते. हे बाजूलाच असतात. ह्यांचं म्हणणं, ती गिटार सुरू होते न होते तोच तुम्ही मध्ये येता. आज जरा उशिरा या म्हणतात."

बी-साइडच्या हातातलं पेन खाली पडलं. ते त्याने उचललंही नाही. "शेवटपर्यंत ऐकायचंय त्यांना?"

"हो म्हणतायत. मला काही त्यातलं कळत नाही हो. मला कार्ड हवंय."

त्याने बटण दाबलं. स्टोअरला फोन लावलाच नाही, 'येईल की' त्याला पाठ होतं. होल्डवरचं गाणं त्याच्या बाजूला ऐकू येत नसे, म्हणून तो घड्याळाचा काटा बघत बसला. अडीच मिनिटं. आता गिटार. चार मिनिटांवर, कोणी फार वेळ होल्डवर राहिलं की होतो तसा, समोरच्या बोर्डावरचा दिवा लाल झाला आणि साहेबांनी काचेआडून भुवया उंचावल्या. ह्याने कानाला रिसीव्हर लावून फार गंभीर काहीतरी ऐकत असल्यासारखी मान हलवली. चार दहा. त्याचे तळवे ओले झाले होते. मुलगा बारावीच्या परीक्षेला आत गेला तेव्हाही इतके झाले नव्हते.

सहा मिनिटं भरली. त्याने बटण दाबलं. ह्या वेळी आवाज पुरुषाचा होता, जड आणि सावकाश.

"तो ड्रमवाला मागे राहिला ना हो?"

"राहिला," बी-साइड म्हणाला.

"आणि त्यांनी त्याला घेतलं बरोबर."

"घेतलं."

"छान," ते म्हणाले. "फारच छान." मग नुसता श्वास ऐकू येत राहिला. "अहो, असलं काही ऐकलं की घरात बसवत नाही. जरा खाली जावंसं वाटतं. फार नाही, फाटकापर्यंत. कार्ड कधी येईल?"

ह्या प्रश्नासाठी कंपनीने चार वाक्यं छापून दिली होती. काचेखाली, समोरच होती. 'आपली गैरसोय आम्ही समजू शकतो' हे त्यातलं पहिलं. बी-साइडने चारही वाचली. तीस वर्षांत भेटलेल्या एकुलत्या एका माणसाला त्यातलं एकही त्याच्याने सांगवेना.

"खरं सांगू का साहेब," तो म्हणाला, "मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही."

पलीकडे काही पडल्याचा आवाज झाला, किंवा फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला असेल. मग बाई आल्या. आवाज अगदी खाली आणला होता, पदराआडून बोलावं तसा.

"भाऊ, असं नाही बोलायचं. तुम्ही आपलं रोजच्यासारखंच सांगा. हे आठ वाजल्यापासून बूट घालून बसतात."

त्याने काचेखालच्या चार वाक्यांवर तक्रारवही ठेवली.

"फोन परत ह्यांच्याकडे देऊ?"

"द्या," बी-साइड म्हणाला.

पुन्हा तो सावकाश श्वास आला.

"येईल," बी-साइड म्हणाला. "येईल की."