खडूतले नाव

मी एक जुना फळा आहे. मित्रांनो, आज तुमच्या वर्गात टांगलेला दिसतो म्हणून मला शाळेचा समजू नका. माझी उमेदीची सोळा वर्षे सीताबर्डीवरच्या एका मोठ्या ग्राहक भांडारात गेली. भांडाराच्या सात शाखा होत्या, आणि कोणी कुठे, किती वाजता उभे राहायचे ते माझ्या छातीवर लिहिले जाई.

सुताराने सागाची चौकट बसवली तेव्हा मला फार अभिमान वाटला होता. तो लवकरच उतरला. माझ्या वरच्या अर्ध्या भागात कायम नोकरांची नावे पांढऱ्या तेलरंगात होती. खाली टेम्पररी लोकांची, खडूने. रंगातल्यांच्या ड्युट्या ठरलेल्या. खडूतल्यांच्या ड्युट्या मॅनेजर मनोहरराव मनात येईल तशा फिरवत.

कौशल्या रवा-साखरेच्या पुड्या बांधी. ती कन्हानहून पहिल्या बसने येई आणि माझ्यावर ‘दुपारी दोन’ वाचून मागच्या दारी रिकाम्या पोत्यांवर बसून राही. दर शनिवारी मला ओल्या फडक्याने पुसायचे कामही तिच्याकडेच होते.

दोनशे चाळीस दिवस भरले की टेम्पररी माणूस कायम होण्याचा हक्क सांगू लागतो. म्हणून त्याच्या थोडे आधी मनोहरराव तिला सांगत, आपले नाव काढून घे. याला ते ‘ब्रेक’ म्हणत. पंधरा दिवसांनी नाव पुन्हा येई आणि मोजणी पुन्हा एकपासून. पाच वर्षे तिने स्वतःचे नाव स्वतःच्या हाताने पुसले. काळ्या दगडावरची रेघ म्हणतात ना, ती माझ्या फक्त वरच्या अर्ध्यात होती. मोठे साहेब पाहणीला आले की फळा किती स्वच्छ ठेवलाय म्हणून तारीफ करत. त्या तारिफेची मला अजून लाज वाटते.

मग रंगातल्या कुसुमताई निवृत्त झाल्या. ती जागा आपलीच, असे कौशल्या धरून चालली होती. मनोहररावांनी पेंटर नत्थूजींना सांगितले, कुसुमताईंच्या जागी वरचे नाव लिहून टाका, आणि ते जेवायला गेले. त्यांना म्हणायचे होते हेड ऑफिसातून, वरून आलेले नाव. त्याची चिठ्ठी टेबलावर तशीच पडली होती. नत्थूजींनी खडूच्या यादीतले सगळ्यात वरचे नाव पाहिले. सर्वांत जुनी म्हणून ते कौशल्याचे होते. त्यांनी ते ठसठशीत रंगवले. कौशल्या पाहतच राहिली, हातातली पुडी बांधायची राहून गेली.

मनोहरराव परतले आणि संतापले. नत्थूजी म्हणाले, “साहेब, तुमीच म्हटलं ना, वरचं नाव लिव म्हणून.” साहेबांनी रॉकेलचे फडके मागवले आणि सवयीने कौशल्याच्या हातात दिले.

तिने ते टेबलावर ठेवले. “साहेब, खडूचं नाव मी पाच साल पुसलं. हे रंगाचं हाये. हे तुमीच पुसा.”

त्यांनीच पुसले. रंग सुटेना, तेव्हा पत्तीने खरवडले. त्यानंतर तिचे नाव खडूतही आले नाही.

पुढे भांडार बुडाले आणि मी लिलावातून तुमच्याकडे आलो. वरची रंगातली नावे नव्या काळ्या रंगाखाली गेली. पण चौथ्या ओळीत खरवडून खळगा पडलेल्या वीतभर जागेवर खडू उमटत नाही म्हणून तुमच्या बाई चिडतात. ती जागा कौशल्याची आहे. मला वाटेल तसे धुवा, घासा, मी तक्रार करणार नाही. पण मित्रांनो, वर्गात बोलणाऱ्याचे नाव तुम्ही माझ्यावर लिहिता आणि नंतर ते त्यालाच पुसायला लावता, तेवढे करू नका. नाव तुम्ही लिहिलेत ना, मग तुम्हीच पुसा.