आवाज शोधणारं बटण

आईचा आवाज कसा होता, हे मला माहीत नाही. ती गेली तेव्हा मी दीड वर्षांची होते. तिचे फोटो आहेत, साड्या आहेत, आवाज मात्र कोणी जपून ठेवला नाही. बाबांना विचारलं की म्हणायचे, "चांगला होता." शेंदूरजनाघाटच्या आमच्या बागेतल्या संत्र्यांवर हा माणूस तासभर बोलतो, आणि बायकोच्या आवाजाला दोन शब्द. मला याचा राग यायचा, अजूनही येतो.

मग शेखरकाकाच्या घरी टीव्हीचं कपाट हलवताना त्याच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट सापडली. मी तेव्हा वर्षाची होते, आणि घरची मोठी सून म्हणून आई त्या लग्नात जिथे तिथे असणार. शूटिंग परतवाड्याच्या कुर्बानचाचांचं होतं. त्यांचं दुकान अजून आहे. आता ते लोकांच्या जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून देतात. त्यांनी कॅसेट उघडली आणि तोंड वाकडं केलं. पट्टीवर पांढरी बुरशी धरली होती. जमेल तेवढी पुसून ते म्हणाले, "एकदाच चालन हे, बेटा. दुसऱ्या खेपेचा भरोसा मी देत नाई. अन् मधात थांबवाची नाई, पट्टी चिकटते."

तेव्हापासून मला भीती बसली.

भीतीचं कारण होतं त्यांच्या कॉम्प्युटरमधलं टीव्ही कार्ड. कॅसेटचं चित्र आणि आवाज त्या कार्डातूनच आत जातो. व्हायरसला कंटाळून चाचांनी मशीनवर लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकून घेतली होती, आणि ही जुनी कार्डं लिनक्सला स्वतःचं नाव सांगत नाहीत. शंभरावर प्रकारांतलं आपलं कुठलं, ते आपणच सांगायचं. त्यात कार्ड बिघडलं की चाचा दुसरं जुनं बसवायचे, म्हणजे नाव पुन्हा नव्याने शोधणं आलं. चुकीचं सांगितलं तर कधी चित्रही जातं, कधी चित्र झकास दिसतं आणि आवाज येत नाही. मी अमरावतीत सॉफ्टवेअर लिहून पोट भरते. म्हटलं, यासाठी एक प्रोग्राम मीच करून देते. चाचांची अट एकच होती. "बटण एकच ठेव, बेटा. चार असले का मी चुकतो."

म्हणून मी एकच बटण ठेवलं. ते दाबलं की प्रोग्राम कार्डाला एक नाव देणार आणि कान लावून बसणार. शांतता असली तर पुढचं नाव, मग त्याच्या पुढचं, आवाज सापडेपर्यंत. दुकानातल्या दुसऱ्या लग्नांच्या कॅसेटींवर करून पाहिलं तर दर वेळी बरोबर नाव सापडलं. मी स्वतःवर गरजेपेक्षा जास्तच खूश झाले.

रविवारी दुपारी बाबा पिशवीभर संत्री घेऊन बसने परतवाड्याला आले आणि दुकानातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत अवघडून बसले. चाचांनी कॅसेट लावली, मी बटण दाबलं. पडद्यावर गुलाब उमलले, त्यात "शेखर आणि भावना" अशी नावं आली. आवाज नव्हता. येईल, मी मनात म्हटलं. तेवढ्यात चित्रही गेलं.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कॅसेटच्या सुरुवातीला आवाज नव्हताच. नावांच्या चित्राखाली चाचांनी कुठलाच आवाज टाकला नव्हता. माझ्या प्रोग्रामला ती शांतता म्हणजे चूक वाटली, आणि हातातलं बरोबर नाव टाकून तो बाकीची शंभर नावं धुंडाळायला निघाला. त्याला थांबवायचं बटण नव्हतं, कारण ते मी केलंच नव्हतं. आणि खाली कॅसेट चालू होती, एकदाच चालणार होती ती.

चाचा काहीतरी विचारत होते, मला ऐकू येत नव्हतं. प्रोग्राम बंद करायची आज्ञा टाइप केली, ती चुकली. पुन्हा केली, पुन्हा चुकली. शेवटी एकदाचा तो मेला आणि मी कार्डाचं नाव हाताने दिलं. चित्र आलं. आणि मग आवाज आला, कान फाटतील एवढा. सिनेमाचं गाणं होतं.

मला रडूच फुटलं. तेवढ्यात पडद्यावर आई आली. हिरवी साडी नेसलेली, कोणाला तरी रागावत होती, मग हसली. तिचे ओठ हलत होते आणि ऐकू येत होतं ते गाणंच. मी चाचांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

"तवा सारेच गाणे टाकाले लावत, बेटा," ते म्हणाले. "गाणं टाकलं का खालचा आवाज पुसला जाये."

म्हणजे जे जाईल म्हणून मी इतके दिवस धसका घेतला होता, ते केव्हाच गेलं होतं. तरी मला तिथून हलवेना. एक गाणं संपत आलं की मी श्वास रोखायचे, लगेच दुसरं सुरू व्हायचं. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, आई चारदा दिसली, चारही वेळा मुकीच. चित्रात पांढऱ्या रेघा वाढत चालल्या होत्या. आता तुटेल, मला वाटत होतं, आता तुटेल.

शेवटी नवरी घरी आली. उंबऱ्यावर माप ठेवलं होतं. गाणं संपलं आणि पुढचं लागलं नाही. चाचांजवळची गाणी संपली असावीत. भांडी वाजली. पोरं ओरडली. पाच-सहा बाया एकदम बोलत होत्या, आणि कॅमेरा होता नवरीच्या पावलांवर. आई कुठे दिसत नव्हती.

दिवसभरात घाबरले नव्हते एवढी मी तेव्हा घाबरले. एक बाई म्हणाली, सरका. एक हसली. यातली माझी आई कोणती? कदाचित ती बोलूनही गेली असेल आणि मला कळलं नसेल. बाबांना विचारायला तोंड उघडेना. तेच म्हणाले असते की आठवत नाही, तर?

"पोरीले धरा न जरा," एक बाई म्हणाली, जराशा घोगऱ्या आवाजात. "मले ओवाळाचं ताट घ्याचं हाये."

मी मागे वळून पाहिलं. बाबा खुर्चीतून अर्धे उठले होते आणि त्यांचे दोन्ही हात पुढे झाले होते.

"दे," ते म्हणाले.