टेबलाखालून सांगितलेला पत्ता

मी टेबलाखालून बोलतोय. वाकून बघू नका, चटकन दिसणार नाही. कोटाच्या बटणापेक्षा जरा मोठा, पांढरा, गोल असा माझा जीव. मला बीकन म्हणतात. या शिवणकामाच्या कारखान्यात मात्र सगळे मला बटणच म्हणतात. पहिल्याच दिवशी शिलाईच्या मावशींनी मला उचलून बटणांच्या डब्यात टाकलं होतं. भोकं कुठे आहेत म्हणून बिचाऱ्या चष्मा लावून शोधत होत्या.

माझं काम एका वाक्याचं. ‘बैठकीच्या खोलीची स्क्रीन इथे आहे, तिचा पत्ता हा.’ हे वाक्य मी एका सेकंदात दहा वेळा म्हणतो. माणसांना ते ऐकू येत नाही, फोनला येतं. तुम्ही फोन घेऊन खोलीत आलात की तो माझं ऐकतो आणि तुम्हाला विचारतो, ‘जवळच्या स्क्रीनवर दाखवू का?’ तुम्ही हो म्हणालात की फोनमधलं सगळं भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर येतं. वायर नको की काही नको.

स्क्रीन खरंच तिथे आहे की नाही, हे मला तपासता येत नाही. शिकवलं तेवढं मी सांगत राहतो. थांबायचं कसं, हे मला कुणी शिकवलंच नाही. दिवस असो, सुट्टी असो, खोली रिकामी असो, माझं आपलं चालूच. इतकं बोलून जिवाला स्वस्थता कुठून येणार? कानही मला दिलेले नाहीत, पण टेबलाचं लाकूड चहाडखोर असतं. वर जे बोलाल ते सगळं खाली पोचवतं.

मला इथे आणलं मास्तरांच्या लेकीने. मास्तर म्हणजे कारखान्याचे कटिंग मास्तर. तीस वर्षं त्यांनी इथे कापडावर खडू फिरवला आणि कात्री चालवली. तीस वर्षं मशिनींचा खडखडाट ऐकून त्यांचे कान हळूहळू गेले. ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणी काही बोललं की ते मान हलवायचे, समोरचा हसला की हसायचे, आणि अगदीच पंचाईत झाली की खिशात खडू शोधायला लागायचे. खडू नेहमी कानावरच खोचलेला असायचा.

मी यायच्या महिनाभर आधी ही मूठ थोडी उघडली होती. एका ग्राहकाने बैठकीत बाही दोन बोटं लांब करायला सांगितलं होतं. मास्तरांनी मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी जुन्याच मापाने दोनशे बाह्या कापून ठेवल्या. आखूड बाही काही ओढून लांब होत नाही. मालकीणबाई त्यांना एक शब्द बोलल्या नाहीत. तेव्हापासून त्या मास्तरांकडे नुसत्या बघत राहायच्या.

लेकीचं काम फोन, नेटवर्क, स्क्रीन असलं. तिला बाबांच्या कानांचं दोन वर्षांपासून माहीत होतं. पण वडिलांची झाकलेली मूठ आपण कशी उघडायची? म्हणून तिने युक्ती काढली. परक्या गावचे ग्राहक येतात, त्यांचे उच्चार कळत नाहीत, त्यांचं बोलणं अक्षरांत दिसलं तर सगळ्यांची सोय होईल, असं तिने मालकीणबाईंना पटवलं. फोन टेबलावर ठेवायचा, तो बोलणं ऐकून लिहिणार, आणि लिहिलेलं स्क्रीनवर उमटणार. ‘सगळ्यांची सोय’ हे शब्द तिने तीनदा वापरले. खरं तर सोय एकाच माणसाची होती.

खोल्या दोन, स्क्रीन दोन, म्हणून बीकनही दोन आले. मी बैठकीच्या खोलीसाठी आणि माझा जुळा भाऊ शेजारच्या नमुन्यांच्या खोलीसाठी. आमचा आवाज भिंतीपलीकडे जाऊ नये म्हणून लेक फोन धरून या खोलीतून त्या खोलीत येरझाऱ्या घालत होती. ‘अजून कमी कर,’ असं स्वतःशीच म्हणत तिने माझा आवाज इतका उतरवला, की तो टेबलाभोवतीच्या खुर्च्यांपर्यंत जेमतेम जावा.

मग आम्हाला चिकटवायचं कुठे? ती स्क्रीनच्या बाजूला भिंतीवर चिकटवणार होती. पण रंगारी नुकताच हात मारून ब्रश धूत उभा होता. महिनाभर माझ्या भिंतीला बोट लावायचं नाही, असा त्याने दम भरला. लेकीने वाद घातला नाही. तिने आम्हाला टेबलांच्या खाली टेपने चिकटवून टाकलं. टेबल कुठे चालत जातंय, असं तिला वाटलं. शिवणाच्या कारखान्यात टेबल चालतं हो! कापडाचा ताका आला की टेबलं हलतात. ही पोर लहानपणी याच टेबलांखाली चिंध्यांची घरं करून खेळलेली, पण तिलाही ते सुचलं नाही. डोक्यात एकच घाई होती तिच्या.

पहिले पंधरा दिवस झकास गेले. मास्तर बैठकीला सगळ्यांच्या आधी यायचे आणि स्क्रीन तिरकी दिसेल अशी खुर्ची धरून बसायचे. घड्याळ बघितल्यासारखं करून वर बघायचे, वाचायचे, आणि वहीत माप लिहायचे. आपण वाचतोय हे कुणाच्या लक्षात येत नाही, अशी त्यांची समजूत. लेक त्यांच्याकडे बघायची आणि पटकन फोनमध्ये डोकं घालायची. दोघंही एकमेकांना काही म्हणेनात. अळीमिळी गुपचिळी.

सोळाव्या दिवशी चौघांनी माझं टेबल उचललं. मोठ्या नक्षीचं कापड अंथरायला नमुन्यांच्या खोलीत लांब टेबल हवं होतं आणि माझंच तेवढं लांब होतं. मी तिकडे गेलो, तिकडचं आखूड टेबल माझ्या भावासकट इकडे आलं. दारातून जाताना मला सगळं समजत होतं. खोली बदलली, भिंत बदलली, आणि माझं आपलं तेच, सेकंदाला दहा वेळा, ‘बैठकीच्या खोलीची स्क्रीन इथे आहे.’ आपण खोटं सांगतोय हे कळावं आणि तोंड बंद करता येऊ नये, याच्यासारखा दुसरा छळ नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता मोठे ग्राहक येणार होते. त्याआधी लेक आणि मालकीणबाई नमुन्यांच्या खोलीतली स्क्रीन तपासायला आल्या. लेकीने फोन माझ्या डोक्यावर टेबलावर ठेवला. जवळची स्क्रीन? हो. भिंतीवरची स्क्रीन काळी ती काळीच. घोडं कुठे पेंड खातंय ते बघते, असं म्हणत ती स्क्रीनच्या मागे वायरींत शिरली. बिघाड वायरींत नव्हता, माझ्यात होता. फोन टेबलावर कान उघडे ठेवून पडला होता, आणि इथला शब्द न शब्द भिंतीपलीकडे बैठकीच्या खोलीत उमटत होता. तिथे मास्तर एकटे बसले होते, नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी, स्क्रीनसमोर.

मालकीणबाईंनी दार लावून घेतलं.

“वायरी राहू देत जरा. तुझ्या बाबांना ऐकू येत नाही, हे तुला माहीत आहे ना?”

“कमी येतं, बाई.” लेक मागूनच बोलली.

“येत नाही. दोनशे बाह्या गेल्या. मी त्यांच्याच हाताखाली कात्री धरायला शिकले, म्हणून तोंड उघडलं नाही. पण आजच्यासारख्या ग्राहकासमोर असं झालं तर कारखाना उभा राहायचा नाही. आजची बैठक झाली की त्यांना मोकळं करते. दुसरा मास्तर बघून ठेवलाय मी.”

मी ओरडत होतो. नका बोलू, इथे नका बोलू. पण माझ्या तोंडातून बाहेर काय पडत होतं? तोच पत्ता, तीच स्क्रीन. माझी तगमग कुणाला ऐकू जाणार?

लेक बाहेर आली. तिच्या हातांना धूळ लागली होती.

“हे सगळं मी त्यांच्यासाठीच केलंय, बाई. ग्राहक हे निमित्त. दोन वर्षं झाली मला कळून. घरी मी त्यांना काही विचारतच नाही, उत्तर द्यायची पाळी येऊ नये म्हणून. ते मान हलवतात आणि मी त्यांना हलवू देते. त्यांचं काम काढून घेऊ नका. त्यांच्याजवळ दुसरं काही नाही.”

मालकीणबाई काही म्हणणार तेवढ्यात दार उघडलं. मास्तर उभे होते, वही छातीशी धरलेली.

“स्क्रीन बिघडलेली नाही,” ते म्हणाले. त्यांचा आवाज जरा मोठाच असतो. “तिकडे लागलीय. सगळं स्वच्छ दिसतंय.”

त्यांनी मालकीणबाईंकडे बघितलंच नाही, लेकीकडे बघितलं.

“दोन वर्षं?”

लेकीने मान हलवली. आता ती पाळी तिची होती.

“मग मला एकट्यालाच का नाटक करायला लावलंस? थकलो गं मी नुसत्या माना हलवून.”

तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, असं काहीतरी ती खाली बघत पुटपुटली. मास्तरांना ते कळलं नाही. सवयीने त्यांची नजर भिंतीवरच्या काळ्या स्क्रीनकडे गेली आणि तिथेच अडकली. ते बघून तिला रडू फुटलं. डोळे पुसत ती त्यांच्या अगदी समोर आली, त्यांना ओठ दिसतील अशी उभी राहिली आणि म्हणाली, “चुकलं माझं, बाबा.” हे मात्र त्यांना कळलं. त्यांनी तिच्या हातांवरची धूळ आपल्या रुमालाने पुसली.

मग ते मालकीणबाईंकडे वळले. हात अजून शाबूत आहेत, आजची एक बैठक द्या आणि मग काय ते ठरवा, एवढंच त्यांनी मागितलं. मालकीणबाईंनी घड्याळाकडे बघितलं. अकराला दहा कमी आहेत, असं म्हणून त्या ग्राहकांना घ्यायला फाटकाकडे गेल्या. तोच त्यांचा होकार समजायचा.

त्या दहा मिनिटांत लेक गुडघ्यांवर बसून टेबलाखाली आली. माझ्याकडे बघून तिने कपाळावर हात मारला. टेप फाडली, मला मुठीत धरलं, धावत जाऊन बैठकीच्या खोलीतल्या टेबलाखाली चिकटवलं, आणि भावाला त्याच्या जागी नेलं. कितीतरी तासांनी मी पुन्हा खरं बोलायला लागलो. तरी जीव टांगणीलाच होता.

बैठक सुरू झाली. तीन ग्राहक, तिघेही बोलके, आणि तिघेही एकाच वेळी बोलणारे. फोन गोंधळला. स्क्रीनवर अक्षरांचा नुसता काला झाला. मास्तर वाचायला गेले आणि अडले. एरवी त्यांनी मान हलवली असती. वर टेबलावर त्यांचा खडू ठक ठक वाजत होता.

मास्तर उभे राहिले.

“थांबा. मला ऐकू येत नाही. एकेकाने बोला, म्हणजे मला वाचता येईल.”

तीस वर्षांत त्यांनी हे वाक्य पहिल्यांदा उच्चारलं. कुणी हसलं नाही. ग्राहकांपैकी वयाने मोठ्या बाईंनी बाकीच्यांना हाताने गप्प केलं आणि हळूहळू, तुटक सांगायला सुरुवात केली. मास्तरांनी वाचलं, कापड बोटांत चुरगळून बघितलं, आणि हे कापड उरेब, म्हणजे तिरपं, कापलं नाही तर कॉलर मानेवर बसणार नाही, असं सांगितलं. त्या बाईंनी ते लिहून घेतलं. मग पुढचा तासभर त्या मास्तरांशीच बोलत होत्या. ग्राहक गेल्यावर मालकीणबाईंनी कुणाला तरी फोन करून नव्या मास्तराचं आता नको म्हणून कळवलं. स्क्रीनवर उमटून मास्तरांनी वाचल्याशिवाय कुठलंही माप पक्कं धरायचं नाही, असा नियमही त्यांनी त्याच दिवशी केला.

या गोष्टीला आता दीड वर्ष झालं. माझ्या टेबलाच्या पायाला मास्तरांनी स्वतः शिवलेली पट्टी बांधलीय, ‘हलवण्याआधी विचारा’. मास्तरांशी बोलायचं तर टेबलावर दोन बोटं वाजवायची, त्यांनी बघितलं की बोलायचं, हे शिलाईच्या मावशींपासून सगळ्यांना अंगवळणी पडलंय. माझा सेल मात्र संपत आलाय. आवाज अर्ध्या टेबलापर्यंतच पोचतो, त्यामुळे दिवसभर धाकधूक. पलीकडच्या खुर्चीतल्या फोनला मी सापडलोच नाही तर?

म्हणून आज लेक नवा सेल घेऊन आलीय. झाकण उघडून तिने जुना सेल नखाने अर्धा उचललाय. म्हणजे मी तुमच्याशी बोलतोय तो शेवटच्या धुगधुगीवर. वरून मास्तरांनी आत्ताच विचारलं, “घरी किती वाजता येशील गं?” तिने खालूनच उत्तर दिलं. मग तिची तिलाच चूक कळली. मला तसंच उघडं टाकून ती बाहेर निघाली आणि त्यांच्यासमोर जाऊन बसली. आता नुसती वेळ नाही, घरचं काहीबाही, बरंच काही सांगतेय. मास्तर मान हलवत नाहीत. मध्येच तिला थांबवतात आणि म्हणतात, “हे नाही कळलं. पुन्हा सांग.”

आणि ती पुन्हा सांगते.

जन्मभर मला थांबता आलं नाही, पण आत्ता माझी काही घाई नाही. सेल सावकाश बसवा. आधी त्यांचं बोलून होऊ द्या.