मुलाखतीतला दुसरा आवाज

माजी आमदारांच्या मुलाखती विधिमंडळाच्या वेबसाइटवर टाकायचं ठरलं, तेव्हा कॅसेटींवरचा आवाज संगणकात उतरवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. ही २००६ची गोष्ट. मुंबईच्या त्या ऑफिसात मी कंत्राटावर होते, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. पण खरं सांगायचं तर मला काम आवडायचं. दिवसभर हेडफोन लावून म्हाताऱ्या माणसांच्या गप्पा ऐकायच्या आणि वर त्याचा पगार घ्यायचा, आणखी काय हवं!

उकंडरावांच्या कॅसेटपाशी मात्र घोडं अडलं. उकंडराव हिंगोली जिल्ह्यातल्या डोंगरकड्याचे. सत्तरच्या दशकात दोनदा निवडून आलेले. हातात कागद न घेता तासभर सभागृह गाजवणारा माणूस, अशी त्यांची ख्याती. मुलाखत दोन वर्षांपूर्वी त्यांच्या घरी घेतलेली होती, आणि तीत त्यांच्या पत्नीचा, मनकर्णाबाईंचा आवाज सारखा मधे यायचा. उकंडराव बोलता बोलता थांबायचे. मग बाई बाजूने हळूच म्हणायच्या, "पुलाचं सांगून राहिले न्हाई का तुमी? पुरात लेकरं अडकली व्हती, त्याचं." की आमदारांची गाडी पुन्हा सुरू.

ही मुलाखत कागदावर उतरवली होती सभागृहातली भाषणं टिपून घेणाऱ्या एका निवृत्त प्रतिवेदकांनी. सदस्य नसलेल्या माणसाचं बोलणं कामकाजात लिहायचं नाही, ही त्यांची जन्मभराची शिस्त. त्यांनी बाईंच्या प्रत्येक वाक्याच्या जागी कंसात नुसतं 'अडथळा' असं लिहून ठेवलं होतं. मला आधी हसू आलं आणि मग असा संताप आला म्हणता!

आमच्या साहेबांचंही तेच. म्हणाले, "करुणा, वेबसाइट सदस्यांची आहे. बाईंचा आवाज काढून टाका." मी भांडले. बाई नसतील तर मुलाखत लंगडी होईल, असं परोपरीनं सांगितलं. शेवटी साहेब वैतागले. "घरचे ठेवा म्हणाले तर ठेवा. तुम्ही तिकडच्याच ना? जा, विचारून या."

तिकडचीच मी, शिरड शहापूरची. लॅपटॉपवर मुलाखतीच्या दोन प्रती घेतल्या. एक होती तशी. दुसरीतून मी फक्त बाईंचा आवाज पुसला होता, बाकी कशाला हात लावला नव्हता. नांदेडला रेल्वेतून उतरून हिंगोलीची एसटी पकडली.

मनकर्णाबाई ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. शेजारी बाजेवर उकंडराव ऊन खात होते. आता ते माणसं ओळखत नव्हते, पण मला बघताच सवयीनं हात जोडून म्हणाले, "या बाई. काय काम काढलं?" मी येण्याचं कारण सांगितलं. ते छान हसले आणि तेवढ्यात विसरूनही गेले.

मला वाटलं होतं, आपला आवाज ऐकून बाई खूश होतील. त्यांनी पहिली मुलाखत मन लावून ऐकली आणि म्हणाल्या, "माझं बोलनं काढून टाक."

"काहून?" मुंबईत गिळून ठेवलेली बोली माझ्या तोंडून बाहेर पडली.

"त्यायला तवापासूनच इसरायला होऊन राहिलं व्हतं. लोकायला कळू नये म्हून म्या त्यायला लगनाकार्यालाबी जाऊ देत न्हाई. अन् तू साऱ्या दुनियेला ऐकवनार? लोक म्हनतील, आमदार बायकोला इचारून बोलते."

"म्हणू देत ना आजी! तुम्ही नसता तर यात काय उरलं असतं?"

"जे उरंल ते उरंल. लोकायनी त्यायचा आवाज ऐकावा. माझं काय हाय त्यात?"

नवरा त्यांचा, त्याची इभ्रत सांभाळायची धडपड त्यांची. मी आपली मुंबईहून आलेली शहाणी. मला रडू यायला लागलं, आणि रडू आलं की मला आणखी राग येतो.

"काढलेलं आनलंय न? लाव. बराबर झालं का पाहू," बाई म्हणाल्या.

मी दुसरी मुलाखत लावली. उकंडरावांचा भरदार आवाज आला, "मी म्हणालो, अध्यक्ष महाराज, पावसाळ्यात आमच्या लेकरांनी..." आणि थांबला. नुसती पंख्याची घरघर. कुठंतरी कोंबडा आरवला. "तो पूल... पूल नव्हता तेव्हा..." पुन्हा शांतता. बाईंचा आवाज पुसलेल्या जागा तेवढ्या लांबच लांब.

बाजेवर उकंडराव सावरून बसले. स्वतःचा आवाज त्यांना ओळखूच आला नव्हता. "कोन हाय हे?" त्यांनी मला विचारलं.

"माजी आमदार आहेत एक," मी कसंबसं म्हणाले.

त्यांनी कान दिला. तो आवाज पुन्हा सुरू झाला, पुन्हा चाचपडला, पुन्हा गप्प झाला. उकंडरावांचा चेहरा कळवळला. "मानूस चांगला दिसते. पन लई तकलीफ होऊन राहिली त्याला." मग ते मनकर्णाबाईंकडे वळले. "काहो, याच्या घरी कोनी न्हाई का?"

बाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्या उठल्या आणि बाजेवर त्यांच्याजवळ जाऊन बसल्या.

"हाय की," त्या म्हणाल्या. "बायको हाय त्याची."

"मंग ती बोलत काहून न्हाई?"

मनकर्णाबाईंनी पदरानं डोळे पुसले. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "पोरी, बंद कर ते. ते पयलंच ठेव."