एकेचाळीस कार्डं

मी तापट माणूस आहे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी बोलायला नको. टपालाच्या सॉर्टिंग ऑफिसात तेहतीस वर्षं उभं राहून पत्रं खणांत टाकली. समोर लाकडी खण, एकेका खणावर एकेका गावाची पट्टी, डाव्या हातात गठ्ठा, उजव्या हाताने फेक. मिनिटाला चाळीस. पत्ता खालून वर वाचायचा. आधी गाव, मग गल्ली. नाव वाचायचं कारणच नाही. आणि पाकीट उलटं करायचं नाही, हा पहिल्या दिवसाचा पहिला धडा. "मागे कोण आहे ते बघायला तुम्हाला पगार मिळत नाही," असं आमचा हेडसॉर्टर म्हणायचा. मी तेहतीस वर्षांत एकदाही पाकीट उलटं केलं नाही. त्याचा मला केवढा अभिमान होता!

नाव मात्र वाचायचो. एकच, आमचं आडनाव.

आमचं आडनाव फार विरळ. शाळेत हजेरी घेताना मास्तर आमच्यापाशी अडखळायचे. टेलिफोनच्या जाडजूड डिरेक्टरीत आम्ही एकटेच. "कुठलं हो हे आडनाव? मूळ गाव कुठलं?" असं कुणी विचारलं की मी बाबांकडे बघायचो. बाबा म्हणायचे, "आहे आपलं असंच," आणि पेपर तोंडासमोर धरायचे. आई तर त्या विषयावर भांडी जोरात घासायला लागायची. आम्हाला ना काका ना आत्या. मी आणि माझा धाकटा भाऊ, संपली भावकी.

नोकरीला लागलो त्याच वर्षी हातात एक तपकिरी पाकीट आलं. त्यावर आमचं आडनाव! मी थबकलो. मागोमाग दुसरं, मग तिसरं. एकच अक्षर, एकच शाई, गावं वेगवेगळी. त्या आठवड्यात सव्वीस पाकिटं आली. पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात पुन्हा. आणि त्याच्या पुढच्याही. मी पत्ते खिशातल्या कोऱ्या कार्डांवर उतरवून घ्यायला लागलो. नियमात बसत नव्हतं, पण आपल्याच आडनावाची चोरी कसली? होता होता एकेचाळीस कार्डं झाली. कुणाचं पाकीट 'घेणार मयत' असा शेरा मारून परत आलं की मी ते परतीच्या खणात टाकायचो. घरी येऊन त्या कार्डावर तांबडी रेघ.

घरी भिंतीवर नकाशा लावला. एकेका गावावर टाचणी. आणि काय गंमत बघा, एकेचाळीसपैकी तेहतीस टाचण्या एकाच रेल्वे लाईनवर! स्टेशनामागून स्टेशन, कुठे दोन, कुठे तीन. मी मनाशी पक्कं केलं की मूळ पुरुष एकच असणार, त्याची पोरं लाईन पडली तशी पुढे सरकत गेली असणार. आणि दरवर्षी येतं ते घरच्या मेळाव्याचं आमंत्रण. सगळ्यांना जातं, आम्हालाच नाही. काहीतरी भाऊबंदकी झाली असेल, बाबांना वाळीत टाकलं असेल. असा राग आला म्हणता! बसा म्हटलं तिकडे जेवत. तुमच्या दारात हा गडी पाय ठेवणार नाही. उभा जन्म मी असा रुसून बसलो.

धाकट्याचं चष्म्याचं दुकान. काचा घासण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. तो माझा नकाशा बघून हसायचा. "काय दादा, काय म्हणते भावकी? या वर्षी जन्म किती, मरण किती?" मी त्याला म्हणायचो, तू तुझ्या काचा पूस.

मी निवृत्त झालो आणि त्याच वर्षी धाकट्याला रक्ताचा कॅन्सर निघाला. वय एकोणपन्नास. मूलबाळ नाही. डॉक्टरीणबाई मऊ बोलायच्या, पण आडपडदा नाही. दुसऱ्याच्या हाडातला मगज, म्हणजे अस्थिमज्जा, मिळाला आणि तो जुळला तर वाचतील, म्हणाल्या. सख्खा भाऊ म्हणजे पहिली आशा. मी बाही वर करूनच गेलो होतो. आठ दिवसांनी त्यांनी कागद पुढे केला. नाही जुळत. एका ताटात जेवलेले आम्ही, एका पांघरुणात झोपलेले, आणि नाही जुळत! मी त्यांच्याच अंगावर ओरडलो. मग म्हणाल्या, "देणाऱ्यांची यादी असते, तिच्यात पाहिलं. कुणी नाही. चुलत, आते, मामे, कुणी आहे का? शक्यता कमी असते, पण तपासू."

आईबाबा केव्हाच गेलेले, आईकडचं कुणी उरलेलं नव्हतं. घरी आलो, नकाशासमोर उभा राहिलो. अडला हरी, गाढवाचे पाय धरी. ज्यांच्या नावाने तेहतीस वर्षं बोटं मोडली त्यांनाच पत्रं लिहायला बसलो. तांबड्या रेघा वगळून एकोणतीस. प्रत्येक पत्र हाताने लिहिलं. 'आपण एकाच मुळाचे आहोत. जुनं काय असेल ते विसरा. माझ्या भावाला वाचवा. पुढच्या सोमवारी दवाखान्यात या.' एवढंच.

धाकट्याच्या उशाशी बसून हे सांगितलं. वाटलं, हसेल. तो हसला नाही. "किती जण येतील रे?" म्हणाला. त्याच्या तोंडून थट्टा गेलेली मला सहन होईना. मी खिडकी लावायच्या निमित्ताने उठलो.

सोमवारी नऊ जण आले. खोटं कशाला बोलू, नऊ जण आले! कुणी रजा टाकून, कुणी मुलाला कडेवर घेऊन. दवाखान्याच्या लांबलचक व्हरांड्यात बाकावर ओळीने बसले आणि मी त्यांच्या समोरून फिरून नाकं बघत होतो. आमचं नाक मोठं, मधे वाकडं, लांबून ओळखू येणारं. एकाचंही तसं नव्हतं. एक गोरापान, एक काळाभोर, एक सहा फुटी, एक बाई माझ्या खांद्याला लागेल एवढी. असतं, म्हटलं, नाक बायकोकडूनही येतं.

टोकाला एक म्हातारा होता, रेल्वेतला जुना पॉइंट्समन. गाडी कुठल्या रुळावर घ्यायची ते खटके ओढण्यात जन्म गेलेला, हात अजून पोलादी. माझं पत्र त्याने घडी करून खिशात ठेवलं होतं. मला शेजारी बसवून म्हणाला, "तुझ्या वडिलांनी तुला काहीच सांगितलं नाही वाटतं."

"काय सांगायचं होतं?"

"अरे बाबा, आपण एकाच मुळाचे नाही. आपण एकाच दाराचे." आणि मग गाड्यांच्या वेळा सांगाव्यात तसं त्याने सांगितलं. "लाईन सुरू होते तिथे अनाथालय आहे. पायरीवर मूल ठेवून लोक जायचे. वहीत नोंद करायची तर नाव तिथल्या बाई ठेवायच्या, पण आडनाव कुठून आणणार? मग जो उचलून आत आणेल त्याचं आडनाव लावायचं, अशी तिथली रीत. दार उघडायला दारवान एकच, तीस वर्षं. म्हणून सगळी पोरं त्याच्या आडनावाची. मीही. तुझा बापही."

"आणि दारवानाची स्वतःची मुलं?"

"त्याचं लग्नच नव्हतं झालं."

मग लाईनचं काय, मी विचारलं. तर मुलगे चौदाचे झाले की रेल्वेत चिकटवायचे, कुणी फाटकावर, कुणी रुळांच्या कामाला. म्हणून टाचण्या लाईनीवर. आणि तपकिरी पाकीट? वर्षातून एक दिवस जुन्या पोरांना तिथे जेवायला बोलावतात. बाप गेला की त्याच्या मुलाला पत्र जातं. "तुझ्या वडिलांनी पाठवू नका म्हणून कळवलं असणार," तो म्हणाला. "काही जण कळवतात. आम्ही राग नाही धरत."

डोंबलाची भावकी! तेहतीस वर्षं मी कुणावर रागावलो होतो? पाकीट एकदा उलटं केलं असतं तर मागे अनाथालयाचा शिक्का होता. एकदाच. पाव सेकंदाचं काम.

हे सगळं ठाऊक असूनही नऊच्या नऊ जणांनी रक्त तपासायला दिलं. "आलोच आहोत तर," ती बुटकी बाई म्हणाली. ना नातं ना गोतं, तरी तिघं जण पुढे आळीपाळीने धाकट्यासाठी रक्तातल्या पेशी द्यायला येत राहिले. मगज मात्र कुणाचाच जुळला नाही. कसा जुळणार?

पॉइंट्समन मला म्हणाला, एकदा वही बघून घे. कधीकधी दोन भावंडं एकदम ठेवलेली असायची. दुसऱ्याच दिवशी त्याच्याबरोबर गाडीत बसलो. अनाथालयाच्या ऑफिसातल्या कारकून बाईंनी जुनी वही काढली, पानं सुटी झालेली. बाबांची ओळ सापडली. मुलगा, वय अंदाजे तीन वर्षं. आणि त्याच्या खालची ओळ: मुलगी, काही महिन्यांची. त्याच पहाटे, त्याच पायरीवर, एकाच चादरीत. शेऱ्यात लिहिलेलं, 'भावंडं असावीत.' मुलांची इमारत वेगळी, मुलींची वेगळी. पुढे कुणी कुणाला काही सांगितलं की नाही, वहीत नाही.

इथे माझ्यातला उतावळा नडला. ओळ शेवटपर्यंत वाचायच्या आधी मी बाईंचा फोन ओढला आणि दवाखान्यात धाकट्याच्या बायकोला ओरडून सांगितलं, "आत्या सापडली! सख्खी आत्या! तिची मुलं असतील, त्याला सांग, आत्ताच सांग!" तिकडे ती रडायलाच लागली. फोन ठेवला आणि मग शेवटच्या रकान्यातला पत्ता वाचला.

गाव आमचंच. गल्ली सॉर्टिंग ऑफिसच्या मागची.

परतीच्या गाडीत कार्ड काढायची गरज नव्हती, ते मला पाठ होतं. तेवीस नंबर. लाईनीबाहेरच्या आठांतलं एक. त्यावर तांबडी रेघ होती. अकरा वर्षांपूर्वी 'घेणार मयत' म्हणून ते पाकीट आलं, ते माझ्याच हातात, आणि मीच ते परतीच्या खणात फेकलं. मिनिटाला चाळीस.

स्टेशनावरून थेट त्या गल्लीत गेलो. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी सांगितलं, वरच्या खोलीत राहायच्या, शिवणाचे क्लास घ्यायच्या. लग्न नव्हतं केलं. मूल नाही, माणूस नाही. आजारी पडल्या तेव्हा दवाखान्यात विचारलं, नातेवाईक कोण, तर म्हणाल्या, कुणी नाही. "नाक मात्र ठसठशीत हो," त्या बाई म्हणाल्या आणि माझ्या तोंडाकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या. मी चपला घातल्या.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण लहानपणापासून ऐकतो. तिचा राग यावा असं कधी वाटलं नव्हतं. बरं, तिला मूल नव्हतं, म्हणजे धाकट्याला वाचवायला तिचा काही उपयोग झालाच नसता. पाकीट उलटं केलं असतं तरी तो वाचला नसता. हे मी स्वतःला त्या जिन्यापाशी चार वेळा समजावलं. पण आत्या तर असती! रविवारी जाऊन बसायला एक घर असतं. चहाच्या सुट्टीत मी त्या जिन्याखालून रोज जात होतो, रागाने मान वळवून. बाबांना ठाऊक होतं का, ते या गावात का येऊन राहिले, हे आता कुणाला विचारू?

दवाखान्यात पोहोचलो तर धाकटा उशीला टेकून बसला होता. दाढी केलेली. बायकोने स्वच्छ शर्ट घातला होता त्याला, पाहुणे येणार म्हणून. डॉक्टरीणबाई दारात होत्या, माझं तोंड बघून आत आल्या नाहीत.

"दादा, कुठाय?"

मी स्टुलावर बसलो. "गेली रे. अकरा वर्षं झाली."

"आणि मुलं?"

"नव्हती."

त्याने मान हलवली. बराच वेळ शर्टाच्या बटणाशी चाळा करत राहिला. त्याची बायको भिंतीकडे तोंड करून उभी होती. मला वाटलं आता तो मला दोन शिव्या देईल, फोन कशाला केलास म्हणेल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"दिसायला कशी होती?"

"आपलंच नाक."

तो हसला. आजारपणात पहिल्यांदा, जुन्यासारखा. मग हळूच विचारलं, "राहायची कुठे? आपल्याला जाता आलं असतं का रे कधी?"

खिडकीतून सॉर्टिंग ऑफिसची पत्र्याची शेड दिसते. तिच्या मागे ती गल्ली. चालत दहा मिनिटं, जिना चढायला एक.

"लांब रे," मी म्हणालो. "लाईन संपते ना, त्याच्याही पुढे. दोन दिवस लागतात."

"मग कसं जमणार होतं," धाकटा म्हणाला, आणि डोळे मिटून पडून राहिला.